युक्रेन युद्धावर संयुक्त राष्ट्रांत मतदान होतं तेव्हा भारत गैरहजर का राहतो? भूमिका घ्यायला आपण घाबरतो का?

मी काही वर्षं एका दैनिकासाठी वृत्तसंस्थांच्या बातम्यांचं मराठी करत होतो, म्हणून आधी तुमच्या प्रश्नातल्या शब्दाबद्दल बोलतो. भारत गैरहजर नव्हता, तटस्थ होता. २ मार्च २०२२ ला आमसभेत ठराव आला की रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं. बाजूने १४१ मतं, विरोधात ५, तटस्थ ३५. बेरीज १८१, आणि सदस्य देश १९३. उरलेल्या १२ देशांनी मतच नोंदवलं नाही. ३५ मधल्या भारताने 'तटस्थ' अशी नोंद केली आणि तसं का केलं तेही सांगितलं.

ते सांगणं वाचण्यासारखं असतं. त्याआधी २५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत आपले प्रतिनिधी तिरुमूर्ती बोलले. संयुक्त राष्ट्रांची सनद, आंतरराष्ट्रीय कायदा आणि देशांचं सार्वभौमत्व सगळ्यांनी पाळलं पाहिजे आणि वाटाघाटींचा मार्ग सोडला गेला याचा खेद आहे, असा त्यांचा सूर होता. रशियाचं नाव मात्र कुठेच नव्हतं. चूक झाली हे सांगितलं, कुणी केली ते सांगितलं नाही.

का? तेव्हा सुमारे २० हजार भारतीय युक्रेनमध्ये अडकले होते, बहुतेक वैद्यकीयचे विद्यार्थी, त्यांत आपली मराठी मुलंही. त्यांना सुखरूप बाहेर काढायला दोन्ही बाजूंशी बोलणं चालू ठेवावंच लागणार होतं. शिवाय आपल्या लष्कराची बरीचशी सामग्री रशियन बनावटीची. पण मुळं आणखी खोल आहेत, आणि ती गोव्यात आहेत.

१८ डिसेंबर १९६१. आपलं सैन्य गोव्यात शिरलेलं, आणि न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसलेली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव होता की भारताने सैन्य मागे घ्यावं. ११ सदस्यांपैकी ७ जणांनी बाजूने मत दिलं, म्हणजे ठराव मंजूरच व्हायचा. विरोधात सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) आणि सोव्हिएत युनियन. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो ठराव पडला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने हे मान्य करायला १९७४ उजाडलं. दिल्लीत ही आठवण पुसलेली नाही, आणि पुसली जावी असं मलाही वाटत नाही.

पण यावरून कुणी 'मग युक्रेनही तसंच' म्हणालं तर ते मला अजिबात पटत नाही. गोवा ही साडेचारशे वर्षांची वसाहत होती. युक्रेन संयुक्त राष्ट्रांचा सदस्य देश आहे आणि त्याच्या सीमांचा आदर करण्याचं वचन रशियाने स्वतः १९९४ मध्ये बुडापेस्टला लेखी दिलं होतं. उपकाराची जाण ठेवणं वेगळं आणि कायद्याचा अर्थ बदलणं वेगळं.

शब्दांची ही कसरत नवी नाही. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा लोकसभेत ठरावाच्या एका शब्दावरून घोळ झाला. विरोधकांना 'कंडेम' हवं होतं, वाजपेयी सरकारला 'डिप्लोर', म्हणजे तीव्र खेद, हा सौम्य शब्द चालणार होता. शेवटी हिंदीत 'निंदा' हा शब्द आला आणि दोघांनाही आपापला अर्थ मिळाला. अध्यक्षपदी तेव्हा आपले मनोहर जोशी होते. मराठीत तर आणखीच पंचाईत. आपल्याकडे निंदा म्हणजे मागे वाईट बोलणं, निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतो ती. कंडेमला आपण 'निषेध' म्हणतो. असल्या बातमीत कुठला शब्द घालायचा यावर मी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्या आहेत, कारण त्या एका शब्दात सरकारची सगळी भूमिका असते.

तेव्हा घाबरतो का, याला माझं उत्तर असं: २ मार्चला नाही. मुलं खारकीव्हच्या तळघरांत बसलेली असताना सरकारने जपून बोलणं मला बरोबरच वाटतं. पण एप्रिलपर्यंत मुलं घरी आली होती. कीव्हजवळच्या बुचा शहरात नागरिकांच्या हत्या झाल्याचं समोर आल्यावर ५ एप्रिलला भारताने त्यांचा स्पष्ट निषेध केला, स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला. दोनच दिवसांनी, ७ एप्रिलला, रशियाला मानवाधिकार परिषदेतून निलंबित करण्याचा ठराव ९३ विरुद्ध २४ मतांनी मंजूर झाला. तटस्थ राहिलेल्या ५८ देशांत आपण होतो. निलंबन चौकशीआधी नको, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला, आणि तो मी समजू शकतो. तरी ५ तारखेचं निवेदन वाचल्यावर ७ तारखेचं मत मला आजही खटकतं.