विषयशिक्षकाचे भाषाप्रशिक्षण

प्रश्न : मी सेमी-इंग्रजी वर्गांना विज्ञान शिकवते. इंग्रजी संभाषणाचा वर्ग केला, तरी मुले गप्पच राहतात. प्रशिक्षणात आणखी काय हवे?

उत्तर : आपण केलेला वर्ग उपयोगी असला, तरी तो अर्धेच काम करतो. इटलीने 2010 च्या सुधारणांनुसार उच्च माध्यमिक शाळांच्या शेवटच्या वर्षी एक विषय परकीय भाषेतून शिकवणे आवश्यक केले, तेव्हा त्या शिक्षकांकडून सी-1 या उच्च पातळीच्या भाषाज्ञानाबरोबरच अध्यापनपद्धतीचा स्वतंत्र विद्यापीठीय अभ्यासक्रमही अपेक्षिला. ही दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते, कारण अस्खलित बोलणारा शिक्षकही मुलांना बोलते करीलच असे नाही.

विषय परकीय भाषेतून शिकवण्याच्या या पद्धतीत शिक्षक पाठाची आखणी करतानाच मुलांना कोणती वाक्ये लागतील हे ठरवतो. प्रकाशसंश्लेषणाच्या पाठात ‘क्लोरोफिल’ हा शब्द मुले लवकर उचलतात. अडते ते ‘प्रकाश नसल्यामुळे पानात स्टार्च तयार झाला नाही’ हा कार्यकारणसंबंध मांडताना. म्हणून अशा वाक्यांची इंग्रजी सुरुवात फळ्यावर लिहून द्यावी, आधी जोडीने मराठीत चर्चा होऊ द्यावी आणि मग इंग्रजीत उत्तर मागावे. मराठीच्या या वापराबद्दल शिक्षकांना अपराधी वाटायला लावणारे प्रशिक्षण मुलांचे नुकसानच करते, असे माझे ठाम मत आहे. उत्तर तपासताना विज्ञानाची चूक आणि व्याकरणाची चूक वेगळी मोजावी. आपल्या शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांसोबत एक पाठ असा आखून पाहा.