बॉडी दुकानातून, लेन्स माणसाकडून

बाळा, अनेक आशीर्वाद.

कुडाळचा फोटोग्राफर त्याचा जुना निकॉन डी७५० कॅमेरा आणि ८५ एमएम एफ/१.८ जी लेन्स दोन्ही मिळून जेवढ्याला देतोय, जवळपास तेवढेच मुंबईच्या बोरा बाजारातला दुकानदार तसल्याच जुन्या नुसत्या बॉडीचे, म्हणजे लेन्सशिवाय कॅमेऱ्याचे, मागतोय. मग फोर्टात जायचंच कशाला, असं तुझं म्हणणं. माझं मत विचारशील तर लेन्स कुडाळहून घे आणि बॉडी दुकानातून. सुटं देत नाही म्हणाला तर आषाढापर्यंत थांब. लग्नसराई संपली की माणसं ऐकतात.

लेन्सचं दुखणं दहा मिनिटांत डोळ्यांना दिसतं. निकॉनची ही लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की प्रकाश कमीजास्त करणारी आतली पाती मिटलेली असतात. मागची छोटी कळ बोटाने सरकवून ती उघड, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मार आणि पुढून बघ. धुळीचे कण दिसले तर सोडून दे, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो फंगस, म्हणजे बुरशी. साफ करून देतो म्हणतील, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलं असेल तर ते परत येत नाही. मग कळ सोड. पाती झटकन मिटायला हवीत. रेंगाळली तर त्यांवर तेल उतरलंय. फिल्टरची कड चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे. तसं असेल तर वर्तमानपत्र भिंतीला लावून फोटो काढ आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं ताडून बघ. मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा वाईट, एवढं लक्षात ठेव.

आणि त्याच्या घरीच जा. आपल्या कोकणातले पावसाळे त्या लेन्सने ड्राय कॅबिनेटमध्ये काढले की ओल आलेल्या भिंतीच्या कपाटात, हे तिथे कळतं. दुकानदाराला ते ठाऊकच नसतं, कारण त्याच्याकडे माल एक्स्चेंजमध्ये आलेला असतो.

बॉडीचं तसं नाही. ती आज नीट चालते आणि पंधरा दिवसांनी भर मंडपात बंद पडते. डी७५०चं शटर निकॉनने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, पण ती काही हमी नव्हे. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, फोटोच्या फाइलमधल्या एक्झिफ माहितीत मिळतो, तो बघच. लग्नं करणाऱ्याचा कॅमेरा एका सीझनमध्ये किती पळतो ते तू माझ्याबरोबर पाहिलंयस. शिवाय या मॉडेलच्या काही तुकड्यांत शटरचा दोष होता आणि २०१५ पासून निकॉनने ती शटरं मोफत बदलून दिली. तुझ्या सीरियल नंबरचं काय झालं, ते विचारून घे. एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघ, स्क्रूची डोकी झिजलीत का तेही.

दुकानदाराला जे जास्त पैसे द्यायचे ते या पंधरा दिवसांसाठी. म्हणून टेस्टिंगची मुदत बिलावर लिहून घे, सीरियल नंबरसकट. 'अरे आपलं दुकान आहे, कधीही ये' हे बिल नव्हे. बिल असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. स्वतःचा जुना कॅमेरा विकणाऱ्या माणसाविरुद्ध तो रस्ता सहसा नसतो.

कुडाळच्या माणसाकडेही लेन्सचं मूळ बिल माग. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्याचीच मालकी नसेल तर साधारणपणे तुलाही ती मिळत नाही. चोरीचा माल निघाला तर पोलीस मुद्देमाल म्हणून घेऊन जातील, तू पैसे मोजलेले असलेस तरी. बिल हरवलंय म्हणाला तर निदान बॉक्सवरचा नंबर जुळव आणि त्याच्या सहीची पावती घे.

हा माणूस निदान भेटायला तयार आहे. 'आर्मीत आहे, बदली झाली, टोकन पाठवा, कुरिअर करतो' म्हणणाऱ्याशी बोलूसुद्धा नकोस, भाव कितीही गोड असो.

रविवारी निघणार असशील तर माझी बॉडी घेऊन जा, लेन्स तीवरच लावून बघ. त्याआधी शनिवारी त्याच्याकडून मागच्या काचेचा टॉर्च मारून काढलेला फोटो मागव. टाळाटाळ केली तर पेट्रोल वाचलं.

तुझा,
काका