बॅट भिरकावली तर बिघडलं कुठे?

बेसबॉलमध्ये होमरननंतर (चेंडू थेट कुंपणाबाहेर घालणारा फटका, आपल्या षटकारासारखा) होणारा जल्लोष आणि त्यावरून पेटणारी भांडणं, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने षटकार मारला, चेंडू जाताना पाहत उभा राहिला आणि हातातली बॅट गरकन फिरवली. त्यात कुणाला माज दिसला नाही. मग अमेरिकेत होमरन मारून बॅट उडवली की हाणामारीपर्यंत प्रकरण का जातं? नियमात तसं काही आहे का? (ठाणे)

नियमात नाही. मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) नियमपुस्तकात आनंदाने बॅट उडवण्याला मनाई करणारं कलम नाही. हा सगळा खेळाडूंनीच एकमेकांवर लादलेला रिवाज आहे. जुन्या वळणाचे लोक सांगतात ते असं : होमरन गेला की बॅट तिथेच टाकायची, चेंडूकडे टक लावून उभं राहायचं नाही, मान खाली घालून मध्यम गतीने चारही बेस (मैदानावरचे चार टप्पे) पार करायचे आणि डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेत, जाऊन बसायचं.

धोनीच्या त्या फटक्याने सामना, किंबहुना अख्खी स्पर्धा संपली होती. बेसबॉलमधला होमरन बहुतेक वेळा सामन्याच्या मध्यात येतो आणि त्याच पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) पुढच्या बॅटरसमोर लगेच उभं राहावं लागतं. शिवाय मैदानाची रचना पाहा. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे पूर्ण फेरी ३६० फुटांची, जवळपास ११० मीटर. एवढा वेळ पिचर मधल्या उंचवट्यावर रिकाम्या हाताने उभा असतो आणि ज्याने त्याला हरवलं तो त्याच्याभोवती फिरत असतो. क्रिकेटमध्ये षटकार खाल्लेला गोलंदाज पाठ फिरवून रनअपच्या टोकाकडे निघून तरी जातो. पिचरला ती सोय नाही. म्हणून बॅटरने लावलेला प्रत्येक जास्तीचा सेकंद त्याला झोंबतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण १४ ऑक्टोबर २०१५ चं. टोरंटोत तिथलेच ब्लू जेज आणि टेक्सास रेंजर्स यांच्यातला बाद फेरीचा निर्णायक पाचवा सामना. सातव्या इनिंगमध्ये (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी) टोरंटोच्या कॅचरने, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याने, पिचरकडे परत फेकलेला चेंडू समोरच्या बॅटरच्या बॅटला लागून भरकटला, तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा रूग्नेड ओडोर घरी (शेवटच्या बेसवर, होम प्लेटला) पोहोचला, धाव झाली आणि टेक्सासला आघाडी मिळाली. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ थांबला. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात टेक्सासच्या क्षेत्ररक्षकांनी चुकांवर चुका केल्या, बरोबरी झाली, आणि मग होसे बाउटिस्टाने सॅम डायसनला तीन धावांचा होमरन मारला. तो क्षणभर पिचरच्या दिशेने रोखून पाहत राहिला आणि त्याने बॅट दूर भिरकावली. टोरंटो ६–३ ने जिंकलं.

खुन्नस सात महिने टिकली. १५ मे २०१६ ला, साखळीतल्या दोघांच्या शेवटच्या लढतीत, रेंजर्सच्या पिचरने बाउटिस्टाला चेंडू मारला. बेसवर गेलेल्या बाउटिस्टाने दुसऱ्या बेसकडे जाताना ओडोरच्या पायांवर घसरत धडक दिली आणि ओडोरने त्याच्या जबड्यावर ठोसा हाणला. ओडोरला आठ सामन्यांची बंदी झाली, अपिलात ती सातवर आली. पुढच्या ऑक्टोबरमध्ये टोरंटोने रेंजर्सना ३–० ने बाहेर काढलं आणि शेवटची धाव ओडोरच्याच चुकलेल्या फेकीवर निघाली.

आमचं मत विचाराल तर बॅट उडवण्यात गैर काही नाही. पाहण्याची गोष्ट एकच : तोंड कुणाकडे होतं? आपल्या डगआउटकडे पाहून केलेला जल्लोष आनंदाचा असतो. पिचरच्या डोळ्यांत पाहून केलेला जल्लोष डिवचण्याचा असतो, आणि डिवचलेल्या माणसाने चार शब्द सुनावले तर ते ऐकून घ्यावेत. २०१९ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मॅक्स मन्सीचा होमरन थेट खाडीत पडला. पिचर मॅडिसन बमगार्नर त्याच्यावर ओरडला, की बघत काय बसलास, पळ. मन्सीने पळता पळता उत्तर दिलं, की बघितलेलं आवडत नसेल तर जा आणि पाण्यातून चेंडू काढून आण. तिथेच ते मिटलं, आणि असंच मिटायला हवं.

प्रश्न : पिचरने मुद्दाम अंगावर चेंडू मारला तर शिक्षा काय? आणि लागायचं कुठे हेही ठरलेलं असतं म्हणे, ते खरं का? (नाशिक)

चेंडू अंगाला लागला की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. फेक मुद्दाम होती असं अंपायरला वाटलं तर तो पिचरला, किंवा पिचर आणि मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) दोघांनाही, मैदानाबाहेर काढू शकतो. नाहीतर दोन्ही संघांना ताकीद देतो. ताकीद दिल्यानंतर कुणीही तसं केलं तर लगेच हकालपट्टी. दंड आणि सामन्यांची बंदी लीगचं कार्यालय नंतर ठरवतं.

बंदीच्या आकड्यांना फसू नका. सुरुवातीपासून टाकणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा मैदानात उतरतो. त्याला पाच सामन्यांची बंदी म्हणजे फार तर त्याची एक पाळी दिवसभराने पुढे जाते. १७ एप्रिल २०१९ ला शिकागोत टिम अँडरसनने होमरन मारून बॅट फेकली. त्याच्या पुढच्या पाळीला कॅन्सस सिटीच्या ब्रॅड केलरने त्याला चेंडू मारला. केलरला पाच सामने बंदी. अँडरसनला नंतरच्या बाचाबाचीतल्या भाषेवरून एक सामना. रोज खेळणाऱ्या अँडरसनचा एक सामना खरोखर बुडाला. केलरचं नुकसान त्या मानाने काहीच नव्हतं.

बदल्याची वेळही हिशेबाने निवडली जाते. बेस रिकामे, दोघे बाद, आघाडी भक्कम असं असेल तर फुकट दिलेला एक बेस महाग पडत नाही. बेस भरलेले असताना मारलं तर थेट धाव जाते, म्हणून तेव्हा सगळे सभ्य असतात.

जागेबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. मांडी, नितंब किंवा बरगड्या चालतात, खांद्याच्या वर कधीच नाही, असा रिवाज सांगितला जातो. आम्हाला तो मुळातच मान्य नाही. १५० किलोमीटरच्या वेगाने टाकलेला चेंडू १८.४४ मीटर अंतर साधारण चार दशांश सेकंदात कापतो. बॅटर वाकला, वळला, पाय घसरला तर मांडीवर नेम धरलेला चेंडू कुठे लागेल, हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही. १६ ऑगस्ट १९२० ला क्लीव्हलँडचा रे चॅपमन न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेजचा चेंडू डोक्याला लागून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. आज आहे, पण बोटं, मनगट आणि चेहऱ्याचा बराचसा भाग उघडाच असतो. या साऱ्या अलिखित संहितेत मोडीत काढावी अशी गोष्ट असेल तर ती हीच. भिरकावलेली बॅट गवतावर पडते. मुद्दाम टाकलेला चेंडू माणसाचं करिअर संपवू शकतो.

प्रश्न : ‘तीन-शून्यवर बॅट फिरवू नये’ म्हणजे काय? धावा काढणं हेच तर काम आहे ना? (कोल्हापूर)

आधी गणित. चार ‘बॉल’ (मापाबाहेर टाकलेले, बॅटरने सोडलेले चेंडू) झाले की बॅटरला फुकट बेस, तीन ‘स्ट्राइक’ (मापातले सोडलेले किंवा बॅट फिरवून हुकलेले) झाले की तो बाद. तीन बॉल आणि एकही स्ट्राइक नाही अशा वेळी पिचरची पंचाईत असते. आणखी एक बाहेर गेला की बेस जाणार, म्हणून तो बहुधा सरळ, मधोमध, फारशी करामत नसलेला चेंडू टाकतो. अलिखित नियम म्हणतो : तुमचा संघ खूप पुढे असेल तर असा सोपा चेंडू सोडून द्या.

१७ ऑगस्ट २०२० ला सॅन दिएगोचा फर्नांडो टाटीस ज्युनिअर हे विसरला. रेंजर्सविरुद्ध संघ १०–३ ने पुढे, आठवी इनिंग, बेस भरलेले, तीन-शून्य. चेंडू सोडण्याची खूणही त्याच्या नजरेतून सुटली. त्याने चौघांना घरी आणणारा होमरन मारला. रेंजर्सच्या पुढच्या पिचरने लगेच टाटीसनंतर आलेल्या मॅनी मचाडोच्या पाठीमागून चेंडू टाकला. त्या पिचरला तीन सामन्यांची आणि रेंजर्सच्या मॅनेजरला एका सामन्याची बंदी झाली. टाटीसने तर चक्क माफी मागितली, जिची काडीइतकी गरज नव्हती. सॅन दिएगोने मात्र त्यासकट सलग चार सामन्यांत बेस भरलेले असताना होमरन मारले, तेही सगळे रेंजर्सविरुद्धच. असं आधी कुठल्याच संघाला जमलं नव्हतं.

२०२१ च्या मे महिन्यात प्रकरण जास्त कटू झालं. शिकागो व्हाइट सॉक्स १५–४ ने पुढे होते. मिनेसोटाने हार मानून विलियन्स अस्टुडिओला, जो मुळात पिचर नाहीच, चेंडू टाकायला उभं केलं. तीन-शून्यवर आलेला चेंडू ताशी ४७ मैलांचा, म्हणजे ७६ किलोमीटरच्या आसपास. आपले फिरकीपटूसुद्धा याहून वेगाने टाकतात. येर्मिन मर्सेडिसने तो बाहेर भिरकावला. त्याचेच मॅनेजर टोनी ला रूसा यांनी त्याला जाहीरपणे दोषी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या पिचरने मर्सेडिसच्या मागून चेंडू टाकला तेव्हा त्यातही आपल्याला काही वावगं वाटलं नाही असं सांगितलं. मॅनेजरने स्वतःच्या खेळाडूला असं उघड्यावर टाकणं आम्हाला त्या होमरनपेक्षा कितीतरी वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, धावा काढणं हेच काम आहे. बेसबॉलला घड्याळ संपवत नाही, नऊ इनिंगमध्ये प्रत्येकी तीन, असा सत्ताविसावा माणूस बाद होईपर्यंत सामना जिवंत असतो. आणि खेळाडूचा पुढचा पगार त्याच्या आकडेवारीवर ठरतो. लोकलाजेखातर सोडलेल्या धावा कुणी खात्यात जमा करत नाही.

प्रश्न : जल्लोषाच्या नादात होमरनच रद्द झाला, असं कधी होतं का? (पुणे)

होतं. चारही बेसना क्रमाने पाय लागलाच पाहिजे. ८ जून २०२१ ला पिट्सबर्गचा केब्रायन हेज होमरन मारून पळाला, पहिल्या बेसला त्याचा पाय लागला नव्हता. विरोधी संघाने दाद मागितली, चित्रफीत पाहिली गेली, तो बाद. पुढे पळणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याला ओलांडलं तरीही मागचा बाद होतो.

१७ ऑक्टोबर १९९९ चा किस्सा तर नावाजलेला. मेट्स आणि ब्रेव्हज या संघांचा सामना, पंधरावी इनिंग, ३–३ बरोबरी, बेस भरलेले. रॉबिन व्हेंचुराने चेंडू कुंपणाबाहेर घातला, पण दुसऱ्या बेसला पोहोचण्याआधीच सहकाऱ्यांनी त्याला मिठ्या मारून उचललं. तो पुढे गेलाच नाही. चार धावांच्या होमरनची नोंद एका बेसच्या फटक्याची झाली आणि धाव एकच धरली. जिंकायला ती पुरली.

जास्त मोठा धोका शरीराला. २९ मे २०१० ला एंजल्सच्या केंड्रीस मोरालेसने सामना जिंकून देणारा होमरन मारला, होम प्लेटवरच्या गर्दीत उडी मारली आणि उतरताना पाय मोडला. तो मोसम गेला, पुढचा २०११ चाही पूर्ण गेला. मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेत पोर्तो रिकोचा एडविन डियाझ विजयानंतर घोळक्यात उड्या मारत असताना त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. त्याच्या क्लबला, मेट्सना, तो वर्षभर मिळाला नाही. २०२० मध्ये डॉजर्सच्या कोडी बेलिंजरचा खांदा सहकाऱ्याच्या हाताशी हात आपटताना निखळला. त्यानंतर तो पायाला पाय लावून आनंद साजरा करू लागला, आणि तेच शहाणपणाचं.

अलीकडे संघांनी जल्लोष डगआउटमध्ये नेला आहे : २०२१ मध्ये टोरंटोचं होमरन जॅकेट, २०२३ मध्ये सिअ‍ॅटलचा त्रिशूळ आणि एंजल्सचं जपानी योद्ध्याचं शिरस्त्राण. आपल्या लोकांत, आपल्या जागेत केलेल्या या थाटाबद्दल प्रतिस्पर्धी फारसं बोलत नाहीत.

प्रश्न : कोरियात म्हणे प्रत्येकजण बॅट उडवतो, तिथे मारामाऱ्या होत नाहीत? (गोवा)

बॅट उडवण्यावरून सहसा नाही. तिथे तो फटक्याच्या शेवटाचा भाग मानला जातो. झेल जाणाऱ्या चेंडूवरही बॅट उडते आणि पिचर तिकडे लक्ष देत नाही. २०२० मध्ये महामारीमुळे अमेरिकेतला मोसम अडकला होता, तेव्हा ईएसपीएनने कोरियन लीग दाखवली आणि कित्येक अमेरिकी घरांत हे पहिल्यांदा दिसलं. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाच्या हिवाळी लीगमध्येही ढोल, नाच आणि बॅट उडवणं चालतंच. मेजर लीगमधले बरेच खेळाडू तिथून आलेले आहेत, आणि जुन्या रिवाजाचा बडगा त्यांच्यावरच जास्त उगारला गेला, हे नाकारता येणार नाही. लीगने स्वतः २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘पोरांना खेळू द्या’ अशी जाहिरात केन ग्रिफी ज्युनिअरला घेऊन केली.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, लिटल लीग खेळतो, आणि टीव्हीवर पाहून बॅट उडवण्याचा सराव करतो. काय सांगावं? (सॅन होजे)

टीव्हीवरचं इथे चालणार नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मुलांच्या सामन्यात बॅट हवेत फेकणं अंपायर बेशिस्त किंवा धोकादायक वर्तन धरू शकतो. जुलै २०२५ मध्ये न्यू जर्सीत बारा वर्षांच्या मुलाला होमरननंतर बॅट उडवली म्हणून बाहेर काढलं आणि पुढच्या सामन्यालाही मनाई झाली. घरचे कोर्टात गेले आणि न्यायाधीशांनी त्याला खेळू दिलं. इतक्या लहान पोरासाठी कोर्टाची पायरी चढायला लागावी हे वाईटच, पण अंपायरच्या हातात काय आहे ते त्यावरून कळतं.

मोसमाच्या सुरुवातीलाच कोचना विचारा, की तुमच्या लीगमध्ये कशाला ताकीद आणि कशाला हकालपट्टी. मुलाला सवय लावा ती अशी : फटका बसला की बॅट हातातून कमरेखालून, आपल्या डगआउटच्या बाजूला सोडायची. मागे कॅचर आणि अंपायर असतात, तिकडे कधीच नाही. कुंपणाबाहेर गेला असं वाटलं तरी पहिल्या बेसपर्यंत जोरात पळायचं, कारण चेंडू कुंपणाला लागून परत आला तर बघत उभा राहिलेला मुलगा बाद होऊ शकतो. प्रत्येक बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय, हेल्मेट डोक्यावरच. पिचरकडे पाहायचं नाही; तोही अकरा वर्षांचाच आहे. होम प्लेटला पाय लागला की मग मित्रांबरोबर हवं तेवढं नाचू दे.