घरमालक पॅन देत नाहीत, म्हणून भाड्यावरची करसवलत गेली का?

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करतो. वार्षिक पगार १८ लाख. मूळ वेतन दरमहा ७५ हजार, घरभाडे भत्ता (एचआरए) ३० हजार आणि भाडंही ३० हजार. भाडं बँकेतून जातं, करार नोंदणीकृत आहे. घरमालक म्हणतात, 'एचआरए क्लेम करायचा नाही असं आपलं ठरलंय, पॅन मिळणार नाही.' पॅन नाही म्हणून कंपनीने २०२५-२६ साठी सवलत नाकारली आणि जुन्या करप्रणालीप्रमाणे सुमारे ३ लाख ४ हजारांचा टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापला. कलम ८०सी खाली माझी दीड लाखाची गुंतवणूक आहे. आई गावी असते, तिच्या नावाने पावत्या बनव असं सहकारी सुचवतात. काय करू?

उत्तर: आईच्या नावाच्या पावत्या आधी डोक्यातून काढून टाका. आईच्या घरात खरोखर राहून तिला भाडं देणं कायदेशीर आहे. तुम्ही तिथे राहतच नाही. २०१७ साली मुंबईच्या आयकर अपील अधिकरणासमोर एका महिलेने आईला रोख भाडं दिल्याचा दावा केला होता. करार नव्हता, बँकेत नोंद नव्हती, त्या घरात राहत असल्याचा पुरावाही नव्हता. सवलत नाकारली गेली. खोट्या पावत्यांवर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि त्यात तुम्ही आईलाही ओढाल.

आता घरमालक. घरभाडे भत्त्यावर सवलत देणारं आयकर कायद्याचं कलम १०(१३अ) त्यांची परवानगी मागत नाही. भत्ता मिळतो, घर स्वतःचं नाही, तिथे राहता आणि भाडं प्रत्यक्ष देता, एवढं पुरे. तोंडी 'ठरलंय' म्हटल्याने हा हक्क जात नाही. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर पॅन घेणं कंपनीला भाग आहे, त्यामुळे तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते त्या पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्यात) न मिळालेली सवलत तुम्ही स्वतः रिटर्नमध्ये मागू शकता. करारनामा, बँकेचे उतारे आणि पावत्या जपून ठेवा, नोटीस आली तर याच कामी येतील. आणि करारनामा एकदा नीट वाचा. दोन्ही पक्षांच्या तपशिलात पॅन अनेकदा लिहिलेलाच असतो.

सवलत किती? मिळालेला भत्ता ३,६०,०००. पुण्यासाठी मूळ वेतनाचे ४० टक्के, तेही ३,६०,०००. भाड्यातून मूळ वेतनाचा दहावा हिस्सा वजा केला की २,७०,०००. यातला सर्वात लहान आकडा धरायचा, म्हणजे २,७०,०००.

पण भांडायला निघण्यापूर्वी पुढचा हिशेब बघाच. ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. ती आणि दीड लाखाची गुंतवणूक धरूनही तुमचा कर उपकरासह साधारण २ लाख २० हजार होतो. नव्या प्रणालीत यातलं काहीच न मागता तो १ लाख ५१ हजारांच्या आसपास बसतो. पगारदाराला रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. म्हणजे घरमालकांशी एक शब्दही न बोलता तुम्हाला कापलेल्या टीडीएसपैकी सुमारे दीड लाख परत मिळू शकतात! घरभाडे भत्ता 'वाचवण्यासाठी' जुन्या प्रणालीला चिकटून राहिलेले तुमच्यासारखे कितीतरी लोक आहेत, आणि त्यांचे पैसे असे जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

गृहकर्जाचं व्याज, आईवडिलांचा आरोग्य विमा अशा वजावटी असतील तर हे पारडं फिरू शकतं. तसं असेल तर घरमालकांशी शांतपणे बोला. बहुतेकांना भीती कराची असते. त्यांना सांगा की भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजा होतात. तुमच्या ३,६०,००० पैकी २,५२,००० च धरले जातील, आणि दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर करच लागणार नाही.

दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून रिटर्न ३१ जुलैच्या आत भरा. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही.