आज्जीची हातोडी आणि लेकाचा प्रश्न

"मॅडम, देव विश्वासू आहे असं मी पोरांना रोज रात्रीच्या प्रार्थनेत सांगते, पण मलाच एक उदाहरण आठवत नाही हो, खोटं बोलतेय असं वाटतं."

हे माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या कितीतरी जणांनी थोड्याफार फरकाने म्हटलंय. आज त्यातल्या एका ताईंचं सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

ताई पिंपरी-चिंचवडच्या, माहेर नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. मिस्टरांची कंपनी बंद पडून आठ महिने झालेले. मुलगा दहावीत. एका रात्री तो म्हणाला, मम्मी देवानी आपल्यासाठी नक्की केलंय काय, ताई म्हणाल्या भरपूर केलंय रे, तो म्हणाला एक सांग. आणि त्या उठून किचनमध्ये गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. हे सांगतानाच पहिल्यांदा रडल्या.

मी लगेच बायबलमधली वचनं काढून बसत नाही. आधी विचारते झोप किती, जेवण जातं का, पहाटे जाग येऊन परत डोळा लागत नाही असं होतं का, आणि जगूच नये असं वाटतं का हेही सरळ विचारते, त्याला घाबरायचं नसतं. तसं काही असेल तर सायकियाट्रिस्ट आधी, बाकी सगळं नंतर. ताईंचं तिथवर गेलं नव्हतं पण रोज साडेतीनला जाग, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलंच. (प्रार्थना कमी पडते म्हणून झोप येत नाही असं सांगणारे चर्चच्या मंडळीत असतात, त्यांच्याशी मी भांडलेली आहे.)

आता "आठवत नाही" याबद्दल. मन खचलेलं असताना माणसाला सुटे सुटे प्रसंग आठवेनासे होतात, सगळं मोघम आठवतं, "आमचं नेहमी असंच होतं", "कधीच काही चांगलं झालं नाही", यावर मानसशास्त्रात 1980च्या दशकापासून भरपूर अभ्यास झालाय. म्हणजे ताईंचा विश्वास आटला होता असं लगेच म्हणायचं कारण नाही, खचलेल्या मनाला नेमकं आठवणंच जड जातं. बायबलमधल्या स्तोत्र 77चा कवी आसाफ तरी काय वेगळं बोलतो, रात्रभर झोप नाही आणि देव दया करायला विसरला का असं तो चक्क विचारतो, आणि मग एकेक जुनं काम मुद्दाम आठवायला बसतो.

म्हणून ताईंना म्हटलं, "देवाची कृपा" असं नको, एक दिवस सांगा, कुठली जागा, कोण होतं, काय खाल्लं. त्यांनी घरात नेहमी सांगतात ती गोष्ट सांगितली, की 72च्या दुष्काळात आज्जीनी गुडघे टेकले आणि सकाळी दारात ज्वारीचं पोतं. कुणी ठेवलं विचारलं तर माहीत नाही, आज्जी तेव्हा काय करायची विचारलं तर खडी फोडायला जायची, एवढंच. गोष्ट गुळगुळीत झाली होती, पन्नास वर्षं हाताळलेल्या नाण्यासारखी, छापच दिसत नव्हता. लेकालाही ती माहीत होती आणि तो म्हणालेला, मम्मी ती स्टोरी आहे.

आमच्या लोकांनी गोष्टी अशा घासून का ठेवल्या तेही मला कळतं. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून, मग 1876-78चा मोठा दुष्काळ, आणि "पोटासाठी बाटले" हा टोमणा तेव्हापासून पिढ्यानपिढ्या ऐकलेला. तो ऐकून मोठी झालेली माणसं भूक, कर्ज, घरातली भांडणं बाहेर सांगत नाहीत, देवाचं तेवढं सांगतात. पण मग देवाचंही खरं वाटेनासं होतं ना.

ताईंना सुट्टीत आत्याकडे गावी पाठवलं, मुलाला घेऊन जा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा म्हटलं. आत्या 72 साली नऊ-दहा वर्षांच्या होत्या.

पोतंबितं काही नव्हतं! आजोबा मुंबईला कामाला, मनीऑर्डर कधी यायची कधी नाही. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला, मुलं सुकडीसाठी, म्हणजे दुष्काळात वाटायचे त्या कोरड्या खाऊसाठी, रांगेत, घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, जी थंड झाली की तुटायची नाही असं आत्या म्हणाल्या. आणि त्या वर्षी सगळ्यात धाकटं बाळ गेलं. हे ताईंना बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, वडिलांनीसुद्धा नाही. बाळ गेल्यावर आज्जी चार महिने देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेली नाही. पाळकसाहेब (चर्चचे पास्टर) घरी आले तर आतून कडी लावली. आणि त्या चार महिन्यांत शेजारची मुकादमाची बायको, मराठ्यांच्या घरची, रोज संध्याकाळी फडक्यात दोन भाकऱ्या उंबऱ्यावर ठेवून न बोलता जायची. मुकादमाने बाळाच्या आजारपणात आज्जीच्या खाड्यांचीही हजेरी मस्टरवर लावलेली म्हणे, आता हे देवाच्या खात्यात कसं धरायचं हा प्रश्न मी पाळकांसाठी सोडते.

आज्जी परत देवळात गेली त्या दिवशी तिने उभं राहून देवाने काय केलं अशी साक्षबिक्ष दिली नाही, मागच्या बाकावर बसली. खडीची हातोडी मात्र तिने मरेपर्यंत फेकली नाही, ती आत्याच्या माळ्यावर होती.

ताई परत आल्या त्या चिडून आल्या. आमच्याशी खोटं बोलले सगळे, देवानी बाळ का नाही वाचवलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि असल्याचं नाटक मी करत नाही. त्या दिवशी आम्ही त्या बाळाबद्दलच बोललो, पूर्ण तास. पुढच्या वेळी मी बायबलमधला यहोशवाचा चौथा अध्याय काढला, इस्राएल लोक थांबलेल्या यार्देन नदीच्या कोरड्या पात्रातून पलीकडे जातात तो. पुढे मुलं विचारतील हे दगड कशाचे, तेव्हा सांगता यावं म्हणून यार्देनेतून बारा दगड उचलले, हे संडेस्कूलला सगळेच शिकतात. पण दगड कुठले उचलले ते बघा म्हटलं. काठावर छान गोटे पडलेले असतील, ते नाही घेतले, नदीच्या मधोमध जिथे याजकांचे पाय टेकले होते तिथले उचलायला लावले, जिथे एरवी माणूस बुडाला असता. तुमच्या घराने काठावरचा गोटा जपला, मधला आत्याच्या माळ्यावर पडून होता.

अमेरिकेत एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल किती माहिती आहे याचे वीस प्रश्न तयार केले होते. ज्यांना जास्त माहीत ती मुलं स्वतःबद्दल जास्त खंबीर दिसली, आणि त्यांचं म्हणणं की नुसत्या भरभराटीच्या गोष्टीपेक्षा "कधी वर गेलो, कधी आपटलो, पण एकत्र राहिलो" ही गोष्ट मुलाला जास्त धरून ठेवते. मला हे वाचून नवल वाटलं नाही, इस्राएलची अख्खी कथा तशीच आहे.

मिस्टरांना अजून पक्की नोकरी नाही, सध्या एका ओळखीच्यांची गाडी चालवतात. ताईंची झोप सुधारलीये. हातोडी आता त्यांच्या टीव्हीखाली आहे, मुलगा घेऊन आला, बसमध्ये कंडक्टरने हे काय म्हणून विचारलं तर त्याने आख्खी गोष्ट सांगितली म्हणे.

परवा ताईंचा फोन, "मॅडम, पोरगा म्हणतोय आज्जी चार महिने नाही गेली तर मी दोन रविवार नाही आलो तर काय होतंय, काय सांगू?" मी हसले. म्हटलं त्याला आत्याला फोन लावून द्या, आज्जी चार महिने घरात बसून काय करत होती ते विचारू दे.

लावला त्याने. आत्या म्हणाल्या, भांडत होती रे, रोज रात्री, मोठ्याने, आम्ही गोधडीतून ऐकायचो.