वाचकांचे प्रश्न : मिनिकॉयचा दिवा

लक्षद्वीपच्या नकाशात मिनिकॉय इतर बेटांपासून तुटून खाली एकटेच दिसते. इतक्या आडबाजूला दीपस्तंभ कशासाठी बांधला?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

आडबाजूला ते आपल्याला वाटते. जहाजांच्या दृष्टीने मिनिकॉय हमरस्त्यावर आहे. बेटाच्या उत्तरेला नाइन डिग्री चॅनेल हा जलमार्ग, दक्षिणेला मालदीवपर्यंत एट डिग्री चॅनेल. 1869 मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर एडन ते कोलंबो जाणाऱ्या आगबोटींची वर्दळ याच पाण्यातून वाढली. बेट मात्र प्रवाळाचे, समुद्रसपाटीहून जेमतेम एखाद-दोन मीटर वर. रात्री ते दिसतच नाही, आणि भोवतालचा खडक पाण्याच्या पातळीशी लपलेला. कालवा होण्याआधीच, 1862 मध्ये, पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीची ‘कोलंबो’ ही आगबोट तिथे फुटली होती. दीपस्तंभ उजळला 1885 मध्ये.

गायकवाडी ओखामंडळ बडोदेकरांच्या परिचयाचे. ओख्यासारख्या बंदराचा दिवा जहाजाला आत बोलावतो. मिनिकॉयचा दिवा ‘लांबून जा’ म्हणतो. त्याचा खरा उपयोग बेटावर कधीही न उतरणाऱ्या खलाशांना होता, म्हणून त्याचा कारभारही थेट ब्रिटिश सरकारच्या खात्याकडे राहिला आणि स्वातंत्र्यानंतरही 1956 मध्येच भारताकडे आला.

तेलाच्या दिव्याचा उजेड इतक्या लांब कसा जाई? सातवी-आठवीच्या मुलांना वर्गात करून दाखवता येईल का?
– एक शिक्षिका, रावपुरा, बडोदे

जरूर येईल. उघड्या ज्योतीचा उजेड चहूकडे फाकतो. आकाशात आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी गेलेला वाया. तो गोळा करून क्षितिजाकडे वळवायला मोठे भिंग हवे, पण एवढे जाड भिंग वजनाने उचलणार नाही आणि काचच बराच उजेड खाईल. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने भिंगाचा फक्त वळणदार पृष्ठभाग ठेवला, मधली जाडी काढून टाकली आणि काचेची कडी एकाबाहेर एक बसवली. 1823 मध्ये कोर्दुआँच्या दीपस्तंभात असे भिंग प्रथम लागले. पहिल्या दर्जाच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या भिंगाचे नाभीय अंतर (ज्योत ते भिंग) 920 मिलिमीटर, म्हणजे आतला व्यास 1.84 मीटर. माणूस आत सहज उभा राहतो.

प्रयोगासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे पानाएवढे चपटे प्लास्टिकचे भिंग घ्या. त्यावर बोट फिरवले तर कडी हाताला लागतात. खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा कोऱ्या कागदावर पाडा. ती स्वच्छ उमटली की कागद ते भिंग हे अंतर मोजा. तेच नाभीय अंतर. वर्गात अंधार करून नेमक्या त्या अंतरावर एकच बारीक एलईडी ठेवा. समोरच्या भिंतीवर ठळक ठिपका पडेल. आता एलईडी थोडा खाली घ्या. ठिपका वर सरकेल. हा भाग मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घ्यावा, कारण दीपस्तंभाची सगळी शिस्त इथून निघते. 920 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगात ज्योत 16 मिलिमीटर खाली बसली, तर झोताचा मध्य एक अंश वर जातो आणि दहा सागरी मैलांवरच्या जहाजाच्या तीनशेहून अधिक मीटर वरून निघून जातो.

रात्रभर तिथल्या माणसांना नेमके काय करावे लागे? दिवा लावला की झाले, असेच वाटते.
– एक वाचक, बाबाजीपुरा, बडोदे

दिवा लावणे हे सर्वांत सोपे काम. जुन्या दिव्यात एकात एक गोल वाती असत. एकीची कड जरी वाकडी कापली गेली, तरी ज्योत एका बाजूने उंचावे, काजळी धरे आणि काच काळवंडे. पुढे विसाव्या शतकात रॉकेलच्या वाफेचे बर्नर आले. लग्नकार्यात पेट्रोमॅक्स पेटवलेल्यांना ते लगेच कळेल: टाकीत हवा भरायची, स्पिरिटने नळी तापवायची, मग वाफ मेंटलवर सोडायची. नळी पुरती तापली नसेल तर वाफेऐवजी कच्चे रॉकेल उडते, पिवळी ज्वाळा उठते आणि काजळी थेट भिंगावर बसते. बर्नरचे बारीक भोक तुंबले तर स्टोव्हसारखीच पिन मारायची.

त्याहून जास्त लक्ष घड्याळयंत्राकडे. दोराला टांगलेले वजन मनोऱ्यात खाली उतरे आणि ज्योतीभोवतीचा भिंगांचा पिंजरा फिरवी. मनोऱ्याच्या उंचीप्रमाणे अर्ध्या तासाने किंवा काही तासांनी ते हाताने वर ओढून घ्यावे लागे. आठ भिंगांचा पिंजरा आठ मिनिटांत एक फेरा करत असेल तर दर मिनिटाला एक झोत दिसतो, आणि खलाशी दोन झोतांमधल्या तेवढ्या वेळावरून दीपस्तंभ ओळखतो. यंत्र मंदावले तर त्याला हा दुसराच कुठला दिवा वाटेल. विझलेल्या दिव्यापेक्षा असा चुकीची ओळख सांगणारा दिवा जास्त घातक, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच यंत्र बिघडले की हातात घड्याळ धरून पहाटेपर्यंत पिंजरा हाताने फिरवत.

मनोरा दुप्पट उंच केला तर दिवा दुप्पट लांबून दिसेल ना?
– एक विद्यार्थी, सयाजीगंज, बडोदे

नाही. पृथ्वीची गोलाई आड येते. समुद्रसपाटीपासून दिव्याची उंची आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळे काढून बेरीज करा आणि 2.08 ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येते. डोळा 9 मीटरवर, दिवा 4 मीटरवर: 10.4 मैल. दिवा 49 मीटरवर नेला तर 20.8 मैल, म्हणजे साडेअडतीस किलोमीटर. साधारण बडोदे ते आणंद. उंची बारापट, पल्ला फक्त दुप्पट.

एकट्या बेटावर तीन-तीन माणसे का ठेवत?
– एक वाचक, अलकापुरी, बडोदे

वेल्सजवळच्या स्मॉल्स दीपस्तंभावर 1801 च्या सुमारास दोघेच होते. एकाचा मृत्यू झाला. खुनाचा आळ येईल या भीतीने दुसऱ्याने प्रेत समुद्रात टाकले नाही. बोट येईपर्यंत ते जवळ ठेवून तो एकटा दिवा लावत राहिला. त्यानंतर तिथे तिघांची नेमणूक होऊ लागली.

दिवसा भिंगाभोवती पडदे कशाला लावत?
– वरीलच वाचक

भिंगातून उजेड जसा बाहेर जातो तसे ऊन आतही येते आणि जिथे ज्योत असते तिथेच एकवटते. पडदा विसरला तर दिव्याचे भाग तापून खराब होतात, जवळ तेल असेल तर आग लागते. म्हणून पहाटे दिवा विझवला की आधी पडदे ओढायचे, मग स्पिरिट आणि मऊ चामड्याने काच पुसायची. तीही अंगावर कापडी एप्रन घालून, कारण सदऱ्याच्या बटणाने भिंगावर ओरखडा पडतो.