पेशवाईचा बुद्धिबळ-संच: मोहऱ्यांची यादी मागतायत? माझा अनुभव

पेशवाईवर बुद्धिबळाचा संच करताय आणि प्रदर्शनासाठी हॉल देणारे 'कुठलं मोहरं म्हणजे कोण' अशी लेखी यादी मागतायत, हे वाचून पोटात गोळा आला. माझं अख्खं वर्ष त्या यादीनं खाल्लं.

माझा पट बारभाईंचा, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचा. १७७४ साली पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले. म्हणून माझा राजा पाळण्यात, वजिराच्या निम्म्या उंचीचा. वजीर अर्थात नाना फडणवीस. समोर राजाच्या घरात राघोबादादा, शेजारी वजीर म्हणून टोपीकर, म्हणजे इंग्रज. त्या दोघांमधला सुरतेचा तह १७७५ चा. राजा एकेक घर सरकतो, वजीर अख्खा पट फिरतो, तरी राजा गेला की डाव संपला. त्या वेळचा कारभार याहून नेमका कशात मांडणार?

चूक इथे झाली. नानांचा चेहरा मी त्या काळचा चित्रकार जेम्स वेल्स याच्या चित्रावरून हुबेहूब कोरला आणि हॉलच्या अर्जाला बत्तीस मोहऱ्यांची नावानिशी यादी जोडली. कचेरीचं उत्तर आलं: सगळ्यांच्या वंशजांची ना-हरकत पत्रं आणा. प्याद्यांचीसुद्धा! टेबलावरच्या बाईंनी पाळणा उचलला आणि विचारलं, "हे खेळण्यात धरायचं का?" त्या प्रश्नावर फाईल साडेचार महिने पडून. तारीख गेली, अनामतही गेली. आजही आठवलं की संताप होतो.

माझं स्पष्ट मत, चेहरे काढून टाका. आता माझ्या नानांच्या जागी कलमदान आणि दप्तराचा बांधलेला रुमाल आहे. फडणिशी कुणालाही कळते. १९२० च्या दशकात रशियात नतालिया दान्को यांनी चिनीमातीचा संच केला. त्यात पांढऱ्यांचा, म्हणजे जुन्या राजवटीचा, राजा म्हणजे सांगाडा आणि प्यादी साखळदंडात, तर तांबड्यांचा, म्हणजे क्रांतिकारकांचा, राजा लोहार. एकाही पुढाऱ्याचा चेहरा नाही, पण क्रांतीचा काळ लगेच ओळखू येतो.

अर्जात 'लाकडी शिल्प, बत्तीस नग' एवढंच लिहा. खोटं काही लिहू नका, पण न विचारलेलंही सांगू नका. तुमच्याकडे यादी लेखी मागितली आहे, तेव्हा नावांऐवजी वस्तूंची द्या: पाळणा, कलमदान, तोफ. मी वकील नाही, आणि तुमच्याकडची माणसं समजूतदारही असतील.

जाता जाता: मोहऱ्यांच्या तळात शिसं भरून वर बनात (जाड लोकरी कापड) लावा, नाहीतर उंच वजीर कलंडतो. आणि पाळण्याची दोरी पितळेच्या तारेची करा. माझी रेशमाची होती, लोकांच्या हातांनी दोन दिवसांत काळी पडली.